ज्यांचा परदेश पुण्यात आहे

(पडद्यावर : सोसायटीचा जिना, दारांवरच्या पाट्या, एका घरातून येणारा फोनचा आवाज.)

शनिवारी दुपारी पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत जा, एखाद्या घरात व्हिडिओ कॉल चालू असतोच. मुलगा म्युनिकला, नाहीतर मुलगी मेलबर्नला. "जेवलीस का? आज सुट्टी ना, मग कुठे जाणार?" आई विचारते, बाबा मागून डोकं घालतात. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर टांझानियाची, सुदानची, अफगाणिस्तानची पोरं भाड्याने राहतात. लिफ्टमध्ये हसणं-बिसणं होतं. पण शनिवारी ती कुठे जातात, हे त्यांना सहसा कुणी विचारत नाही.

आम्ही विचारलं, आणि त्यांच्या मागे निघालो.

(पडद्यावर : शिवाजीनगर स्थानक. लोणावळा लोकल फलाटाला लागते आहे.)

म्युनिकच्या मुलाचा शनिवार खरं तर मोकळा नसतो. जर्मनीत परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे. ऑस्ट्रेलियात सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास. म्हणून आपली मुलं सुट्टीच्या दिवशी हॉटेलात भांडी विसळतात, दुकानात माल लावतात आणि घरी सांगतात, लायब्ररीत बसलोय. भारतात विद्यार्थी व्हिसावर अशी पगारी नोकरी करता येत नाही. त्यामुळे पुण्यात शिकणाऱ्या परदेशी मुलाचा शनिवार अख्खा रिकामा असतो. आणि बहुतेक वेळा खिसाही.

लोणावळा लोकल त्यांची लाडकी आहे ती यामुळेच. वडापावच्या किमतीत साठ-पासष्ट किलोमीटरचा प्रवास. खडकी, पिंपरी, चिंचवड, देहूरोड, तळेगाव… दीड तासात शहर संपतं, डोंगर सुरू होतात. जुलैत आलेल्यांना तर हा मार्ग वेगळाच दिसतो. सुदानमधल्या खार्टूमच्या मुलाने इतका पाऊस आयुष्यात पाहिलेला नसतो. पहिले काही दिवस तो खिडकीशी उभा राहून पाहतो. नंतर कपडे वाळत नाहीत हे लक्षात येतं आणि कौतुक संपतं.

(पडद्यावर : मळवली स्थानक, शेतांमधून जाणारा रस्ता.)

मळवलीला उतरलं की एका बाजूला भाजे आणि लोहगड, दुसऱ्या बाजूला कार्ले. आमच्यासोबतची मंडळी कार्ल्याकडे वळली. एकवीरा आईच्या दर्शनाला निघालेल्या कोळी कुटुंबांच्या मागोमाग पायऱ्या चढायच्या. वाटेत लिंबू सरबत, भाजलेली कणसं, देवीच्या ओटीचं सामान. वर पोचल्यावर लेण्याच्या तिकिटाची खिडकी येते आणि इथे गंमत होते. फलकावर दोन दर : भारतीयांना २५ रुपये, परदेशी पाहुण्यांना ३००. पण सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या संघटनांतल्या नागरिकांना भारतीयांचाच दर. अफगाणिस्तान २००७ पासून सार्कमध्ये आहे. म्हणजे काबूलचा मुलगा पंचवीस रुपयांत आत, आणि त्याच्याच खोलीत राहणारा, त्याच्याच वर्गात बसणारा टांझानियातल्या दार-ए-सलामचा मुलगा तीनशेच्या रांगेत. आता 'मी इथेच राहतो' म्हणत राहण्याच्या परवान्याचा कागद काढून हुज्जत घालायची, की गुपचूप पैसे द्यायचे, की बाहेर कट्ट्यावर बसून मित्राची वाट पाहायची? शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेसलाही हेच दोन दर असल्यामुळे, पुण्यात वर्षानुवर्षं राहून शनिवारवाडा फक्त दिल्ली दरवाजासमोरून पाहिलेले विद्यार्थी आम्हाला भेटले.

आत मात्र जावंच. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खडकात कोरलेलं हे चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, भारतातलं सगळ्यात मोठं. छताला लावलेल्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत. दोन्ही बाजूंच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, आणि त्यांतले काही जण स्वतःला 'यवन' म्हणवतात. धेनुकाकट नावाच्या गावचे यवन. ग्रीक म्हणा, पश्चिमेकडून आलेले परके म्हणा, अभ्यासकांची त्यावर चर्चा चालू आहे. एकाचं नाव तर धम्म. बाहेरच्या देशाशी नातं सांगणाऱ्या माणसाने इथे खांब उभारून दिला. आज त्याला आत यायचं असतं तर तीनशे रुपये पडले असते.

(पडद्यावर : जुनं पुणे. फर्ग्युसन महाविद्यालयाची कृष्णधवल छायाचित्रं.)

परदेशी विद्यार्थी पुण्याला नवीन नाहीत. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार वसतिगृहाचे रेक्टर होते, तेव्हाचा किस्सा त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून एक मुलगी आत काहीतरी देताना दिसली. रेक्टरांना जी शंका यायची तीच आली. चौकशी केली तेव्हा कळलं, आतला मुलगा मॉरिशसचा, काविळीने अंथरुणाला खिळलेला. ती त्याला जेवण आणून देत होती. या मुलांचं इथे कुणीच नाही, ही गोष्ट त्यांना लागली आणि १९७१ साली सिंबायोसिस ही शिक्षणसंस्था उभी राहिली. आज सेनापती बापट रस्त्यावर उभं राहून हे ऐकलं तर खरं वाटत नाही, इतका पसारा त्यातून वाढला. पण सुरुवात जेवणाच्या डब्यापासून झाली, हे पुण्याला शोभणारं आहे.

डब्याचा प्रश्न अजून तोच आहे. मेसचा डबा सगळ्यांना मानवत नाही. तिखटाची तक्रार नसते, अफ्रिकेतली मुलं मिरची आपल्याइतकीच खातात. तक्रार असते ती रोजच्या पोळीची. म्हणून शनिवारची संध्याकाळ स्वयंपाकाची. टांझानियाची मुलं गिरणीतून मका दळून आणतात आणि उगाली, म्हणजे त्या पिठाचा घट्ट गोळा, घोटतात. तिकडचा मका पांढरा, आपला पिवळा, त्यामुळे पातेल्यात रंग चुकतो आणि चवीवर वाद होतो. युगांडाची मुलगी मंडईतून कच्ची केळी घेऊन येते. भाजीवाल्या मावशींनी तिला "वेफर्सला का?" असं विचारलं. तिने "जेवायला" म्हटलं. मावशींनी दोन केळी जास्तीची टाकली.

तेहरानच्या विद्यार्थ्यांची कथा थोडी वेगळी. डेक्कनवर १९३५ पासून उभं असलेलं गुडलक कॅफे दाखवून आपण अभिमानाने सांगतो, हे बघ, तुमचं इराणी. समोर दूध घातलेला गोड चहा आणि बन मस्का. त्यांच्या घरी चहा कोरा, तोंडात साखरेचा खडा धरून पितात. पण बन मस्का आवडतो त्यांना.

(पडद्यावर : गहुंजे स्टेडियमचा बाहेरचा भाग.)

अफगाण पोरांना विचारलं, पुण्यातला सगळ्यात चांगला दिवस कुठला? तो शनिवार-रविवार नव्हताच. ३० ऑक्टोबर २०२३, सोमवार. गहुंजेला विश्वचषकाचा सामना, अफगाणिस्तानने श्रीलंकेला सात गडी राखून हरवलं. त्या दिवशी वर्गात हजेरी कितीची लागली असेल ते प्राध्यापकांनाच विचारा. याच मुलांनी दोन वर्षं आधी, ऑगस्ट २०२१ मध्ये, फोनवर काबूल तालिबानच्या हाती पडताना पाहिलं होतं. सुदानच्या मुलांवर ती वेळ एप्रिल २०२३ मध्ये आली, तिकडे युद्ध पेटलं तेव्हा. घरून पैसे येणं थांबलं, काहींचं घरच राहिलं नाही. पदवी संपत आली की इतर मुलं परतीचं तिकीट पाहतात, यांना व्हिसाची मुदत पाहावी लागते. त्यावर ती फार बोलली नाहीत, आम्हीही खोदून विचारलं नाही.

(पडद्यावर : रविवार सकाळ. स्वारगेट, सिंहगडाच्या पायथ्याला जाणारी पीएमपी.)

रविवार सिंहगडाचा. इथे दोन रांगांचं तिकीट नाही. पायथ्यापासून चालत वर जायचं, समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास. पहाटे निघालेले काका-काकू खाली उतरताना भेटतात आणि कोणीही न विचारता सांगतात, अजून अर्धाच झालाय. वर झुणका-भाकर, कांदा भजी, मडक्यातलं दही. भाकरी हाताने मोडून पिठल्यात बुडवताना टांझानियाचा मुलगा म्हणाला, हे जेवण कसं खायचं ते मला कुणी शिकवावं लागलं नाही. १६७० साली तानाजी मालुसरे या गडावर पडले, ही गोष्ट त्याला ताकवाल्या मावशींनी सांगितली होती. घोरपडीसकट. घोरपडीबद्दल इतिहासकार काय म्हणतात ते आम्ही त्याला सांगितलं नाही.

ख्रिस्ती मुलं रविवारी आधी कॅम्पातल्या चर्चला जातात, मग बाहेर पडतात. कुणी जुन्या बाजारात पंख्याची घासाघीस करतं, कुणी मेट्रोने सिव्हिल कोर्टला उतरून सरकते जिने पाहत बसतं. संध्याकाळी घरी फोन. पुण्यात आठ वाजले की दार-ए-सलामला साडेपाच. आयांचे प्रश्न सगळीकडे तेच.

मे महिन्यातले शनिवार-रविवार मात्र फिरण्यात जात नाहीत. अकरा महिन्यांचा करार संपतो आणि नवं घर शोधावं लागतं. परदेशी भाडेकरू आला की मालकाला चोवीस तासांत त्याच्या राहण्याची माहिती देणारा सरकारी फॉर्म भरून कळवावं लागतं. फॉर्म ऑनलाइन असतो, काही मिनिटांचं काम. पण पोलिसांचं नाव ऐकलं की मालक म्हणतात, सोसायटीत विचारून सांगतो. ते सांगणं क्वचितच येतं. एजंट एक महिन्याचं भाडं आधी मागतो. शेवटी कुठल्यातरी दारात एखाद्या आजी उभ्या राहतात, चष्मा वर करून चौकशा करतात आणि घर शोधणारा, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षातला मुलगा त्यांनी विचारायच्या आधीच सुरू होतो : "रात्री पाहुणे नाही येणार, आजी. गाणी नाही. पाणी जपून वापरतो. आणि दुपारी एक ते चार बेल वाजवणार नाही."