विश्वाच्या काठापलीकडे

श्रोतेहो, नमस्कार.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, दक्षिण इटलीतल्या टॅरेंटम या ग्रीक वसाहतीत आर्किटास नावाचा गणिती राहत होता. प्लेटोचा हा मित्र. ताऱ्यांच्या शेवटच्या गोलापाशी विश्व संपतं असं मानणाऱ्यांना त्यानं एक प्रश्न विचारला. समजा, मी त्या अगदी शेवटच्या टोकाला जाऊन उभा राहिलो, तर हातातली काठी मला पुढे करता येईल की नाही? करता आली, तर पुढे जागा आहे. नाही आली, तर तिला अडवणारं काहीतरी तिथं आहे. म्हणजे कसंही बघा, काठापलीकडे काही ना काही निघतंच!

आज तेवीस शतकांनंतरही हा प्रश्न मला तितकाच ताजा वाटतो, आणि त्याबद्दलच मी तुमच्याशी बोलणार आहे. कल्पनेला मुभा देऊ या. फक्त प्रत्येक कल्पनेला एक विचारू या: तू खरी असशील, तर तुझी खूण आमच्या बाजूला कुठे दिसेल?

आधी काठ म्हणजे काय ते पाहू. कोकणातल्या एखाद्या पुळणीवर उभं राहिलं, की समुद्र साधारण पाच किलोमीटरवर संपल्यासारखा दिसतो. तिथल्या होडीतल्या माणसाला मात्र तिथं कसलाच शेवट दिसत नाही. त्याचं क्षितिज त्याच्यापासून तितकंच लांब असतं. विश्वाचा जो काठ आपण मोजतो, तो याच जातीचा आहे. महास्फोटाला सुमारे १,३८० कोटी वर्षं झाली. त्याहून जास्त काळ कुठलाच प्रकाश प्रवास करू शकलेला नाही. हा प्रकाश वाटेत असताना अवकाश प्रसरण पावत राहिलं, म्हणून ज्या जागेवरून तो निघाला ती जागा आज आपल्यापासून जवळपास ४,६०० कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. ही आपल्या दृश्य विश्वाची त्रिज्या. आपल्या शेजारची देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा अफाट समूह, २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे, त्यावरून या अंतराचा थोडा अंदाज येईल.

हा काठ केवळ हिशोबातला नाही, तो प्रत्यक्ष दिसतो. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं होईपर्यंत सगळं इतकं तापलेलं होतं, की प्रकाश सुटा होऊन वाहू शकत नव्हता. मग ते निवलं, पारदर्शक झालं आणि प्रकाश मोकळा झाला. तोच प्रकाश आज चहूबाजूंनी सूक्ष्मलहरींच्या रूपात येतो. तापमान फक्त २.७ केल्विन, म्हणजे सुमारे उणे २७० अंश सेल्सिअस. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होमडेल इथं आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना १९६४-६५ मध्ये तो आपल्या अँटेनात सापडला आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जेम्स वेब दुर्बिणीनं महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्या आतल्या दीर्घिका पाहिल्या आहेत. पण या तप्त धुक्याच्या भिंतीमागे कुठलीच प्रकाशाची दुर्बीण जाऊ शकणार नाही.

आता मला सगळ्यांत विलक्षण वाटणारी गोष्ट. भिंतीचा जो भाग आपल्याला दिसतो, तिथल्या वायूपासून एव्हाना दीर्घिका झाल्या असतील. तिथं कुणी आकाश निरखत असेल, तर त्याला आपल्या दिशेला काय दिसेल? तेच तप्त धुकं. आपली आकाशगंगा, सूर्य, पृथ्वी यांतलं काहीच नाही. त्याच्या लेखी आपण काठावर आहोत. आणि त्याच्या मागच्या बाजूला आणखी ४,६०० कोटी प्रकाशवर्षं त्याचं विश्व पसरलेलं आहे, जे आपण कधीच पाहिलेलं नाही. काठापलीकडे काय, या प्रश्नाचं माझ्या मते सर्वांत सबळ उत्तर हेच आहे: आणखी विश्व. अशाच दीर्घिका, असेच तारे, हेच हायड्रोजन आणि हेलियम. या उत्तरात नवल नाही असं कुणाला वाटेल. मला तर हेच उत्तर सर्वांत मोठं वाटतं.

पण ते किती दूर पसरलं आहे? इथं भूमिती मदतीला येते. अवकाश वक्र असेल तर प्रचंड मोठ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश भरणार नाही, कमी-जास्त होईल. त्या प्राचीन प्रकाशात जे गरम-थंड डाग आहेत, त्यांचा खरा आकार भौतिकशास्त्रावरून काढता येतो. आकाशात ते केवढे दिसतात हे मोजलं, की वक्रता कळते. अंटार्क्टिकावर १९९८ च्या अखेरीस सोडलेल्या बूमरँग या बलूनवरच्या दुर्बिणीनं हे काम केलं, पुढे युरोपच्या प्लँक उपग्रहानं ते बारकाईनं केलं. इतर निरीक्षणांची जोड दिली तर अर्ध्या टक्क्याच्या आत अवकाश सपाट भरतं. तेव्हा विश्व वक्र होऊन स्वतःवर मिटलं असेलच, तर ते आपल्याला दिसतं त्याहून कितीतरी मोठं असलं पाहिजे.

सपाट म्हणजे अनंतच, असं मात्र नाही. अवकाश सपाट असूनही स्वतःला जोडलेलं असू शकतं. म्हणजे सरळ एका दिशेनं निघालेला प्रकाश दुसऱ्या बाजूनं परत यावा. आर्किटासच्या काठीला मग कुठेच अडथळा नाही आणि तरीही जागा मर्यादित! याची खूण काय? त्या भिंतीच्या नकाशात, आकाशाच्या दोन वेगवेगळ्या दिशांना डागांची तंतोतंत सारखी वर्तुळं सापडायला हवीत. नील कॉर्निश, डेव्हिड स्पर्गेल आणि ग्लेन स्टार्कमन यांनी सहकाऱ्यांसह ही वर्तुळं चिकाटीनं शोधली. २००४ मध्ये निकाल आला: अशी जोडी नाही. एका सुंदर कल्पनेला अशी कडक परीक्षा देण्याची हिंमत मला फार भावते.

याहून धाडसी कल्पना इन्फ्लेशन सिद्धांतातून निघाली. ॲलन गूथ यांनी १९८१ मध्ये मांडलं की अगदी सुरुवातीच्या क्षणी विश्व अतिप्रचंड वेगानं फुगलं. आंद्रेई लिंडे, अलेक्झांडर व्हिलेन्किन यांनी पुढे दाखवलं, की हे फुगणं सगळीकडे एकदम थांबेलच असं नाही. कुठे थांबतं, तिथं आपल्यासारखं विश्व तयार होतं. बाकीचं फुगतच राहतं. तसं असेल तर फार फार दूर इतर विश्वं असतील, आणि काहींत कणांची वस्तुमानं, बलांची ताकद वेगळी असेल. असं एखादं विश्व बाल्यावस्थेतच आपल्याला घासून गेलं असतं, तर त्या प्राचीन प्रकाशात गोल व्रण राहिला असता. लंडनमधल्या संशोधकांच्या एका गटानं डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या नकाशात हे व्रण शोधले. २०११ मध्ये त्यांनी सांगितलं, खात्रीचा एकही नाही.

आणखी एक दावा २००८ मध्ये गाजला होता. नासाच्या गोडार्ड केंद्रातले अलेक्झांडर काश्लिन्स्की आणि सहकारी म्हणाले की दीर्घिकांचे शेकडो समूह नरतुरंग तारकासमूहाच्या परिसराच्या दिशेला ओढले जात आहेत, आणि ओढणारं जे काही आहे ते कदाचित दृश्य विश्वाच्या बाहेर आहे. मला ते खरं ठरावं असं मनापासून वाटत होतं. पण प्लँकच्या अधिक नेमक्या मोजणीत तसा प्रवाह दिसला नाही.

या विषयावर मराठीत बोलताना डॉ. जयंत नारळीकरांची आठवण येणारच. मे २०२५ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं असं म्हणण्यापेक्षा, अखेरपर्यंत प्रश्न विचारणारा एक माणूस आपल्यातून गेला असं मी म्हणेन. महास्फोट सिद्धांत त्यांनी मान्य केला नव्हता. फ्रेड हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी जो पर्याय मांडला, त्यात विश्वाला काळाचीही सुरुवात नव्हती. बहुतेक शास्त्रज्ञांना तो पटला नाही, आणि सूक्ष्मलहरींचा पुरावा पाहता मलाही पटत नाही. पण निरीक्षणाचा आधार नसलेल्या कल्पनेला सत्य म्हणू नका, हा त्यांचा आग्रह काठापलीकडच्या गोष्टींना अगदी नेमका लागू पडतो.

एक जाणीव मात्र मला अस्वस्थ करते. १९९८ मध्ये कळलं की विश्वाचं प्रसरण वेगानं वाढतं आहे. त्यामुळे आज सुमारे १,७०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडे असलेल्या दीर्घिकेतून आत्ता निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही. आपल्याला दिसतात त्या दीर्घिकांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक अशा आहेत. त्यांचं जुनं रूप दिसतं, आजचं कधीच दिसणार नाही.

तरी त्या प्राचीन प्रकाशाची भिंत स्थिर नाही. दर वर्षी थोड्या अधिक लांबून निघालेला प्रकाश आपल्यापाशी येतो, म्हणजे काल काठापलीकडे होता असा एक पातळ थर आज अलीकडे आलेला असतो. आणि शोधही थांबलेला नाही. स्टार्कमन आणि त्यांच्या नव्या गटानं २०२४ मध्ये दाखवलं, की स्वतःला जोडलेल्या अवकाशाचे अनेक प्रकार अजून बाद झालेले नाहीत; जुळणारी वर्तुळं न दिसताही त्यांची खूण डागांच्या परस्परसंबंधांत दडलेली असू शकते. प्लँकचा नकाशा ते त्यासाठी पुन्हा तपासत आहेत.

नमस्कार.