खालून टोल, वरून रूळ

(दृश्य : द्रुतगती मार्ग, चिखले पुलाजवळ. भर दुपार. रस्त्यावर शंकू लावलेले. क्रेनच्या दोराला टांगलेला गर्डर.)

जानेवारी २०२५. पनवेल सोडून पुण्याकडे निघालं की लागणारा चिखले पूल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुपारचा ब्लॉक घेतलाय. एरवी ज्या रस्त्यावर क्षणभर थांबलं तरी मागून हॉर्न वाजतात, तिथे आज सगळं शांत आहे. क्रेनचालक खाली बघत नाही. त्याची नजर शिट्टी फुंकणाऱ्या माणसाच्या हातावर. तो हात जरासा खाली, की गर्डर जरासा खाली.

हा गर्डर, म्हणजे पुलाची तुळई, रेल्वेचा. पनवेल-कर्जत या नव्या उपनगरी मार्गाचा. खालचा रस्ता टोलचा. कारने एका बाजूचं पूर्ण अंतर कापायचं तर ३२० रुपये. इथे रस्ता आणि रेल्वे एकमेकांना ओलांडतात, पण त्यांचे पैसे एकमेकांना कुठेच भेटत नाहीत. ते भेटावेत का, म्हणजे टोलचा काही वाटा रेल्वेला द्यावा का, एवढ्यावरच या पट्ट्यात सध्या चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत वाद झडतोय. चिखले, मोहोपे, चौक, कर्जत, कुठेही विषय काढा. दहा मिनिटांत दोन तट पडतात.

(दृश्य : गर्डर बेअरिंगवर टेकतो. निवेदन नाही. फक्त शिट्टी आणि लोखंडाचा आवाज.)

आधी हा मार्ग काय आहे ते पाहू.

पनवेल ते कर्जत रूळ आजही आहेत, पण एकेरी. त्यावरून मालगाड्या जातात, लांब पल्ल्याच्या काही गाड्या जातात. लोकल नाही. कर्जतकराला मुंबई गाठायची तर बदलापूर, कल्याण, ठाणे करत जायचं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस तिथून १०० किलोमीटर. सकाळच्या लोकलमध्ये कर्जतला खिडकी मिळते, हे खरं. पण अंबरनाथ येईपर्यंत त्या खिडकीवाल्याच्या मांडीवर चार जणांच्या बॅगा आलेल्या असतात.

नवा मार्ग २९.६ किलोमीटरचा, दुहेरी, खास लोकलसाठी. पनवेल, चिखले, मोहोपे, चौक, कर्जत अशी पाच स्थानकं. एमयूटीपी-३, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा तिसरा टप्पा, त्यातलं हे काम. या टप्प्याला डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. अख्ख्या टप्प्याचा खर्च १०,९४७ कोटी, त्यातला पनवेल-कर्जतचा २,७८२ कोटी. हा दुसरा आकडा ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

(दृश्य : बोगद्याचं तोंड. टॉर्चचे झोत. पाण्याची धार.)

आणि हा वावर्ल्याचा बोगदा.

खरं सांगायचं तर या माहितीपटाचं निम्मं चित्रण इथलंच आहे, कारण एकदा आत शिरल्यावर कॅमेरावाला बाहेर यायलाच तयार नव्हता. लांबी २,६२५ मीटर. मुंबईच्या लोकलमार्गांवर आजवर सगळ्यात लांब बोगदा पारसिकचा होता, १९१६चा, सुमारे १.३ किलोमीटरचा. वावर्ले त्याच्या दुप्पट. याच मार्गावर आणखी दोन बोगदे आहेत, किरवली ३०० मीटर आणि नढाल २१९ मीटर. वावर्ल्यातून आल्यावर ते दोन बोगदे वाटतच नाहीत.

डोंगर फोडतात कसा? समोरच्या कातळाला इथे सगळे ‘फेस’ म्हणतात. त्या फेसवर ठरलेल्या नकाशाप्रमाणे भोकं पाडायची. भोकांत दारू भरायची, वायर जोडायच्या, माणसं मागे घ्यायची, भोंगा वाजवायचा आणि बार उडवायचा. मग धूर आणि धूळ बाहेर काढायला पंखे. ते बराच वेळ चालतात, आणि त्या वेळात कोणी आत जात नाही. त्यानंतर पडलेला राबिट, म्हणजे फुटलेला दगड, उपसायचा. छताला लोंबकळणारे सुटे दगड मशीनने पाडून घ्यायचे, कारण बोगद्यात बारापेक्षा मोठी भीती त्यांचीच. मग कातळात लांब सळया ठोकून त्याला जागच्या जागी बांधायचं, वर पंपाने काँक्रीटचा फवारा मारायचा, ज्याला शॉटक्रीट म्हणतात. तो घट्ट झाला की पुन्हा नवा फेस, पुन्हा भोकं.

(दृश्य : फवारा मारणारी नळी. मजुराच्या चष्म्यावर करडे थेंब.)

पावसाळ्यात यातलं प्रत्येक काम दुप्पट जड. सह्याद्रीचा कातळ वरून कोरडा दिसतो, आत मात्र भेगाभेगांतून पाणी झिरपत असतं. आतल्या रुळाला खडी नाही, ते थेट काँक्रीटच्या पाटावर बसवलेत. बोगद्यात खडी बदलायला, चाळायला जागाच नसते. म्हणून सुरुवातीचा खर्च जास्त आणि पुढची डोकेदुखी कमी.

हे सगळं पाहिलं की २,७८२ कोटी कुठे जातात ते डोळ्यांनी दिसतं. येतात कुठून, ते मात्र कॅमेऱ्यात पकडता येत नाही.

(दृश्य : लोकलच्या खिडकीतून वाशीची खाडी.)

तर ऐका. एमयूटीपीचा खर्च रेल्वे आणि राज्य सरकार यांच्यात निम्मा-निम्मा. काम करणारी मुंबई रेल्वे विकास महामंडळ ही कंपनीही दोघांची, ५१ टक्के रेल्वेची, ४९ टक्के राज्याची. १९९९ साली निघालेली. राज्याच्या निम्म्या वाट्यासाठी दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या दारात उभं राहावं लागतं. यात कर्जही आहे. पहिल्या टप्प्याला जागतिक बँकेने दिलं, तिसऱ्याला आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेने. कर्ज फेडणार कोण? तुम्ही-आम्ही. तिकिटावर एमयूटीपीचा अधिभार असतो. पासाचे पैसे मोजताना तो कोणी वेगळा काढून बघत नाही, इतकंच.

नवी मुंबईकरांना हे आणखी जुनं. मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला आली ती ९ मे १९९२ रोजी. त्या मार्गाचा ६७ टक्के खर्च सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीने, उचलला, ३३ टक्के रेल्वेने. सिडकोने स्थानकांवर व्यापारी संकुलं बांधली, जमिनी विकल्या, आणि तिकिटावर आपला अधिभारही लावला. वर्षानुवर्षं तो लोकांनी भरला. म्हणजे रेल्वे हवी असेल तर वापरणाऱ्याने जास्तीचे पैसे मोजायचे, हे तत्त्व इथे तीस वर्षांपूर्वीच लागू झालं. लोकलच्या उभ्या प्रवाशाला.

मग गाडीवाल्याला का नको?

(दृश्य : अटल सेतूचे खांब. शेजारच्या फलाटावरून सुटणारी उरण लोकल.)

१२ जानेवारी २०२४. एकाच दिवशी दोन उद्घाटनं झाली. एक अटल सेतूचं, २१.८ किलोमीटर, कारला एका फेरीचा टोल २५० रुपये. दुसरं खारकोपर-उरण लोकलचं. हा मार्गही सिडको-रेल्वे याच ६७-३३च्या वाटणीचा. पेपरांत पहिल्या पानावर कोण होतं ते सांगायला नको. सेतूचे ड्रोन शॉट आमच्याकडेही भरपूर आहेत. उरण लोकलचा चांगला शॉट मिळवायला तीन फेऱ्या कराव्या लागल्या.

(दृश्य : खालापूर टोल नाका. फास्टॅगचा दांडा उचलतो, पडतो, उचलतो.)

आता तो आकडा आठवा. २,७८२ कोटी.

२०२० साली द्रुतगती मार्ग आणि जुना मुंबई-पुणे महामार्ग यांच्यावरच्या टोलवसुलीचं पुढच्या दहा वर्षांचं कंत्राट दिलं गेलं. ते ८,२६२ कोटींचं होतं. या दोन रस्त्यांवर दहा वर्षं टोल गोळा करायच्या हक्काची किंमत, शेजारून जाणाऱ्या अख्ख्या नव्या रेल्वेच्या जवळजवळ तिप्पट. कंत्राट संपतं २०३० मध्ये. चौकमधले जे लोक हा मुद्दा लावून धरतात त्यांचं म्हणणं एवढंच, की २०३० नंतरच्या टोलमध्ये रेल्वेचा वाटा आत्ताच लिहून घ्या. कर्जत-खोपोलीच्या पुढचे मार्ग, जादा लोकल, स्थानकापर्यंत जाणाऱ्या बस यासाठी. त्यांचा हिशेब साधा आहे. रेल्वे आली की रस्त्यावरच्या काही गाड्या कमी होतील. रस्ता मोकळा झाला की फायदा गाडीवाल्याचाच. मग त्यानेही थोडा भार उचलायला काय हरकत आहे?

आम्हाला हे पटतं. लपवत नाही.

दुसऱ्या तटाचंही ऐकलं. खालापुरात भाड्याची गाडी चालवणाऱ्या एका माणसाने आम्हाला उलटं विचारलं, की माझं गिऱ्हाईक रेल्वेने जाणार आणि त्या रेल्वेचे पैसेही मीच भरणार का? कर्जतला बंगला बांधलेल्या एका मुंबईकराचं म्हणणं, टोल म्हणजे रस्त्याचं भाडं, रस्त्यावरच खर्च करा. कायद्याची चौकटही आज त्याच्याच बाजूची आहे. कोणत्या कामाचा खर्च वसूल करायला टोल लावतोय ते अधिसूचनेत लिहिलेलं असतं, आणि रेल्वे त्यात कुठेच नसते. ते बदलायला मंत्रिमंडळाची इच्छा हवी.

आणि इच्छेचं काय होतं ते आपण पाहिलंय.

(दृश्य : मुलुंड, आनंदनगर नाका. रिकाम्या मार्गिका. पुसट झालेला दरपत्रकाचा फलक.)

मुंबईच्या वेशीवर पाच नाके. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली, वाशी. शहरातल्या ५५ उड्डाणपुलांचा खर्च वसूल करायला २००२ पासून इथे टोल सुरू झाला. कारचा दर शेवटी ४५ रुपयांवर पोचला होता. रोज साडेतीन लाखांच्या आसपास वाहनं, त्यातली २ लाख ८० हजार हलकी. १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना इथे माफी मिळाली. दुसऱ्या दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. त्या रात्री नाक्यावर पेढे वाटले गेले असतील, तर आश्चर्य नाही.

महाराष्ट्रात टोल हा शब्दच शिवीसारखा झालाय, आणि त्याला कारणं आहेत. कोल्हापूरकरांनी शहरातल्या टोलविरुद्ध किती मोर्चे काढले ते आठवून बघा. २०१५ मध्ये राज्यातले १२ नाके बंद झाले, ५३ नाक्यांवर लहान गाड्यांना सूट मिळाली. हिशेब न दाखवता वसुली चालू राहिली की लोक चिडणारच. पण चिडून आपण टोल बंद करून घेतला, त्याचा हिशेब मागितला नाही. वेशीवरचे ते ४५ रुपये एका सहीने गेले. टोलच्या कंत्राटदाराला द्यायच्या नुकसानभरपाईचं ओझं सरकारवर आलं, आणि सरकारी तिजोरीत कधीच गाडीत न बसणाऱ्याचेही पैसे असतात. उड्डाणपुलांचे पैसे फिटल्यावर हाच टोल लोकलकडे वळवता आला असता. हा विचार तेव्हा चर्चेत कुठे फारसा दिसला नाही.

जगात हे कोणी केलंय का? केलंय. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ डलेस टोल रोड आहे. त्याच्या टोलमधून मेट्रोची सिल्व्हर लाइन विमानतळाच्या पुढपर्यंत नेली, दुसरा टप्पा नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. गाडीवाले कोर्टात गेले. टोल हा करच आहे, असा त्यांचा दावा होता. २०१४ मध्ये ते हरले. टोल मात्र चढत गेला, हेही सांगायला हवं. तिथलं चित्रण आमच्याकडे नाही, म्हणून इतकंच.

(दृश्य : सकाळची लोकल. दारात लटकलेले प्रवासी. कॅमेरा फलाटावरून.)

मुंबईची लोकल रोज सुमारे ७५ लाख लोकांना वाहून नेते. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारातले प्रवासी खाली पडले, काही जीव गेले.

(निवेदन नाही. गाडीचा आवाज संपेपर्यंत दृश्य तसंच.)

नव्या मार्गासाठी जमिनी गेल्या, झाडं गेली, चौक-मोहोप्याच्या जमिनींचे भाव चढले. त्यावर वेगळा माहितीपट व्हायला हवा.

(दृश्य : पुन्हा चिखले. गर्डर जागेवर बसलेला. शंकू उचलले जातात.)

ब्लॉक संपला. वाहतूक पोलिसाने हात हलवला आणि थांबलेल्या गाड्या सुटल्या. पहिली गेली ती पांढरी कार, काच खाली, आत कोणीतरी मोबाइल वर करून गर्डरचं चित्रण करत होतं. गर्डरवर हेल्मेट घातलेले दोघं अजून नटबोल्ट आवळत बसले होते. खालून गाड्या जात राहिल्या, पुढे खालापूरच्या नाक्याकडे.