तीन मिलिमीटर वर, तीन मिलिमीटर खाली

बाहेर पार्किंगमध्ये दोन-तीन पल्सर 220 दिसल्या, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. पल्सर 180 चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 63.5 मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव, 56.4. मग 200 आली. तिच्यात स्ट्रोक तोच राहिला, बोअर 67 झाला. 220 मध्ये मात्र बोअर 67 वरच थांबला आणि स्ट्रोक 62.4 वर गेला. वहीत गुणाकार करून बघा, 198.8 सीसीचे 220 होतात. सीसी वाढवायचे दोन्ही रस्ते एकाच घराण्यात वापरून झालेत. पहिला रस्ता आपल्या प्रत्येक गॅरेजला पाठ आहे: सिलिंडर बोअर करा, ओव्हरसाइज पिस्टन टाका. दुसऱ्याबद्दल गप्पा खूप होतात आणि हिशेब चुकतो, म्हणून आज दुसरा: स्ट्रोक वाढवणं.

स्ट्रोक 6 मिलिमीटरने वाढला तर पिस्टन किती वर जाईल?

(समोरून उत्तर: "सहा!")

तीन. क्रँकपिन, म्हणजे क्रँकवरची रॉड धरणारी पिन, क्रँकच्या मध्यापासून 3 मिलिमीटर बाहेर सरकली, म्हणून पिस्टन 3 वर गेला आणि 3 खाली. या दोन तिनांची सोय कुठे लावायची, एवढाच आजचा विषय आहे. लांब स्ट्रोकचा क्रँक विकत मिळतो हो, जागा विकत मिळत नाही.

हा उद्योग सगळ्यात जास्त केला तो अमेरिकेतल्या शेवरोले स्मॉल ब्लॉक व्ही-8 वाल्यांनी. त्यांचं 350 इंजिन म्हणजे 350 घन इंच, आपल्या भाषेत 5.7 लिटर. बोअर 4 इंच, स्ट्रोक 3.48. 1970 मध्ये त्याच कुळातलं 400 आलं. त्याचा स्ट्रोक 3.75. त्या 400 ची एक खोड होती. बोअर 4.125 इंच केल्यामुळे शेजारशेजारचे सिलिंडर एकमेकांना चिकटले, मधून पाणी फिरायला वाटच उरली नाही. त्यामुळे जोर काढू पाहणाऱ्यांना तो ब्लॉक नको असायचा, पण त्याच्या पोटातला क्रँक हवा असायचा. 350 चे ब्लॉक भंगारात ढिगाने पडलेले. मग 350 चा ब्लॉक घ्यायचा, झीज काढायला 30 हजारांश इंच बोअर करायचा आणि त्यात 400 चा क्रँक बसवायचा. 4.03 इंच बोअर, 3.75 स्ट्रोक, आठ सिलिंडर: 383 घन इंच.

क्रँक सरळ बसत नाही. 400 च्या मेन जर्नलचा, म्हणजे क्रँकचा जो भाग ब्लॉकच्या बेअरिंगमध्ये फिरतो त्याचा, व्यास 2.65 इंच, 350 चा 2.45. म्हणून आधी क्रँक ग्राइंडिंगवाल्याकडे जाऊन व्यास 0.2 इंचाने उतरवायचा. ते काम सोपं. खरी गंमत उंचीची आहे, फळ्याकडे बघा.

क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या वरच्या सपाटीपर्यंतचं अंतर 9.025 इंच. ते बदलत नाही. त्यात तीन गोष्टी एकावर एक उभ्या: अर्धा स्ट्रोक, कनेक्टिंग रॉडची लांबी आणि रॉड पिस्टनला जोडणाऱ्या गजन पिनपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची. 350 मध्ये 1.74 अधिक 5.7 अधिक 1.56, बरोबर 9. आता अर्धा स्ट्रोक 1.875 झाला. काहीतरी कमी केलंच पाहिजे. कंपनीने स्वतः 400 मध्ये रॉड आखूड केला, 5.565, पिस्टनची उंची 1.56 च ठेवली. पुन्हा 9. सुरुवातीला लोकांनीही तेच रॉड वापरले. पण आखूड रॉड जास्त तिरका होतो आणि पिस्टनला सिलिंडरच्या भिंतीवर जास्त रेटतो. म्हणून पुढे 5.7 चाच रॉड ठेवून पिस्टनमधली पिन वर सरकवली, उंची 1.425. त्याच्याही पुढचे महाभाग 6 इंची रॉड घालतात. तेव्हा पिस्टनला उरते 1.125, आणि पिनचं भोक थेट तेल खरवडणाऱ्या ऑइल रिंगच्या खाचेत घुसतं. तिथे रिंगेला आधार म्हणून खाली वेगळी पट्टी द्यावी लागते. मला विचाराल तर रस्त्यावरच्या गाडीला 5.7 पुरे. अर्ध्या मिलिमीटरसाठी भांडणारे रेसवाले, त्यांचं त्यांना लखलाभ.

वरच्या बाजूचं हे झालं. खालच्या बाजूला रॉडचा मोठा डोळा आता मोठं वर्तुळ काढतो. रॉडचे बोल्ट एकीकडे ब्लॉकच्या कडेला आणि दुसरीकडे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टला खेटतात. मग ग्राइंडर घेऊन ब्लॉकला खाचा पाडायच्या, आणि एकेक रॉड लावून हाताने क्रँक फिरवत 50-60 हजारांश इंच मोकळीक मिळते का ते फीलरने, म्हणजे मापाच्या पातळ पट्टीने, बघायचं. शिवाय 400 चा क्रँक बाहेरून बॅलन्स केलेला, म्हणजे तोलाचं काही वजन बाहेरच्या भागांवर; म्हणून पुढचा डॅम्पर (क्रँकच्या टोकाचं जड चाक) आणि मागची प्लेटही त्याचीच लागते. जुना डॅम्पर लावून "इंजिन थरथरतं" म्हणत परत येणारे भरपूर.

कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, तर न मागता वाढतं. हेडमधली जागा तेवढीच, भरायचं जास्त. 350 ला 9 असेल आणि बाकी काही बदललं नाही, तर 383 ला पावणेदहाच्या आसपास जातं. म्हणून अशा पिस्टनच्या माथ्याला बहुधा वाटीसारखा खोलगटपणा दिलेला असतो.

आता वेग. पिस्टन एका फेऱ्यात दोन स्ट्रोक चालतो. 350 ला 6000 आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 17.7 मीटर. 383 ला तेवढ्याच आरपीएमवर 19 च्या वर. जुन्याच वेगात राहायचं तर 5570 ला थांबा. आणि गंमत अशी, की बाहेरची ती पल्सर 220 तिच्या कमाल पॉवरच्या 8500 आरपीएमला काढते किती? 17.7. हा आकडा मी तीनदा तपासला, मलाच खरं वाटेना.

"लाँग स्ट्रोक म्हणजे टॉर्क" हे वाक्य इथे निदान दहा जणांच्या तोंडावर असेल. जुनी बुलेट 350 घ्या: 70 बाय 90. जुनी 500 घ्या: 84 बाय 90. स्ट्रोक तोच, टॉर्क 500 चा जास्त. तितक्याच सीसीत स्ट्रोक वाढवला तर क्रँकचा हात लांब होतो खरा, पण पिस्टनचा माथा लहान होतो आणि त्यावरचा दाब तितकाच असेल तर रेटा कमी होतो. गुणाकार तिथेच येतो. 383 ला टॉर्क मिळाला तो 33 घन इंच जास्त मिश्रण जळतं म्हणून. आणि तो खालच्या आरपीएमला जाणवतो, कारण हेड तेच, व्हॉल्व्ह तेच. त्या जुन्याच नाकपुड्यांनी मोठी छाती भरायची आहे.

(प्रश्न: "सर, आपल्या बाइकला करता येईल का?")

येईल. एक लक्षात ठेवा, आरसीवर सीसी छापलेली असते, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 तो आकडा असा बदलू देत नाही. ट्रॅकवर करा. मी तुमच्या वयात रस्त्यावर केलं होतं. सिंगल सिलिंडर, प्रेसवर क्रँक उघडून ऑफसेट, म्हणजे मध्यापासून बाहेर सरकलेली, पिन टाकलेली, स्ट्रोक 4 ने वाढवलेला. म्हणजे वर 2. त्यासाठी सिलिंडरखाली 2 मिलिमीटरची प्लेट हवी होती, पण प्लेट टाकली की व्हॉल्व्ह चालवणारी टायमिंग चेन अपुरी पडते. म्हणून मी शहाणपणा करून दीडचीच टाकली. हाताने फिरवलं, कुठे अडकलं नाही. स्टार्ट केलं, आयडलिंगला घड्याळासारखं. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पिळलं आणि एक टक् ऐकू आला. जास्त आरपीएमला रॉड ताणला जातो, बेअरिंगची मोकळीकही त्याच बाजूला जाते. हातातल्या पान्याला हे कसं कळणार?

तो पिस्टन आणलाय. माथ्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हने काढलेली चंद्रकोर बघा, नखाने चाचपून बघा. मागच्या बाकापर्यंत फिरू द्या, पण जाताना माझ्याकडे परत आला पाहिजे.