प्लसला बोटाएवढी वायर, मायनसला स्क्रू

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : 'गाडीतली दुसरी बॅटरी आणि ॲम्प्लिफायर यांचं अर्थिंग'. एवढा रुक्ष विषय असूनही नौपाड्यात, रविवारी, भर पावसात सगळ्या खुर्च्या भरल्यात. यातली निम्मी मंडळी वडापावासाठी आलीत हे मला ठाऊक आहे. तो शेवटी आहे.

सुरुवात आपल्या अभिमानाच्या जागेपासून करू. १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, हे आपण नातवंडांना सांगतो. ती परत गेली, हे कुणी सांगतं का? गेली नसती तर चौदाच्या चौदा डबे इथेच गंजत पडले असते. विजेचंही तसंच आहे. प्लसने जेवढे अँपिअर डिकीतल्या ॲम्पकडे, म्हणजे गाण्याचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरकडे जातात, तेवढेच मायनसने परत येतात. एकही कमी नाही. पण गिऱ्हाईक प्लसची वायर बोटाएवढी जाड मागतं, आणि मायनसचं विचारलं की म्हणतं, "मारा ना बॉडीला कुठेतरी." या 'कुठेतरी'शी माझं सव्वीस वर्षांचं भांडण आहे.

मायनस असा बॉडीला जोडण्याला 'अर्थ', म्हणजे जमीन, म्हणतात; मुळात तो शब्दच फसवा. गाडी उभी असते रबरावर, जमिनीशी तिचं देणंघेणं काय? बॉडीचा पत्रा म्हणजे फक्त एक मोठी सामाईक वायर. जुन्या कित्येक इंग्रजी गाड्यांत तर प्लस बॉडीला असायचा आणि तरी त्या मजेत धावायच्या. असो, हे विषयांतर झालं.

आता कबुलीजबाब. वीसेक वर्षांपूर्वी मी माझ्याच गाडीत ॲम्प बसवला आणि सासुरवाडीला, नाशिकला निघालो. माजिवडा ओलांडतोय तोच सौ. म्हणाल्या, "गाडीत डास शिरलाय." ठाण्याच्या माणसाला डासाचं काय नवल! शहापूरपर्यंत त्या हातरुमाल झाडत होत्या. कसारा घाट लागला, मी दुसरा गिअर टाकून ॲक्सिलेटर दाबला, तर डास थेट तार सप्तकात. पाय काढला की खाली उतरायचा. इगतपुरीला चहाला थांबलो. इंजिन बंद, गाणं चालूच, आणि डास गप्प! सौ. म्हणाल्या, "अहो, हा डास तुमच्या इंजिनावर चालतो."

निदान तिथेच झालं होतं. मान्य करायला मला तीन महिने लागले. एका दुकानदाराने फिल्टर गळ्यात मारला, तो लावला. स्टिरिओकडून ॲम्पला गाणं नेणाऱ्या आरसीए केबल बदलल्या. ॲम्पही बदलून पाहिला. शेवटी एका रविवारी डिकीतला गालिचा उचलला. मायनसच्या वायरचा लग, म्हणजे टोकाची धातूची कडी, एका पत्रास्क्रूने आवळलेला, आणि लगखाली कंपनीचा रंग जसाच्या तसा, चकचकीत! वीज जात होती ती फक्त स्क्रूच्या दोन-तीन आट्यांतून, आणि त्याही गंजलेल्या. तो स्क्रू माझ्याच हातचा होता. शनिवारी संध्याकाळी, घाईत मारलेला.

झालं होतं असं. ॲल्टरनेटर म्हणजे इंजिनावर फिरणारं जनित्र. त्याची वीज मुळात एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारी. त्यातले डायोड तिची डीसी, म्हणजे एकाच दिशेची, करतात, पण थोडी लहर उरतेच आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर तिचा सूर चढतो. माझ्या डिकीतला जोड कच्चा, त्यामुळे ॲम्पचा मायनस आणि डॅशबोर्डमधल्या स्टिरिओचा मायनस एका पातळीवर राहिले नाहीत. मग परतीची थोडी वीज आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून वाट काढू लागली. ॲम्पला वाटलं हेही गाणंच, त्याने ते मोठं करून ऐकवलं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? अहो, मुख्य विषय अजून सुरूच झालेला नाही! बरं, पटापट सांगतो.

१००० वॅटचा क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या जातीचा, ॲम्प पूर्ण जोरात साधारण ९० अँपिअर ओढतो. जोडात ०.०१ ओहम अडथळा असला तरी ०.९ व्होल्ट तिथेच गळतात आणि ८१ वॅट उष्णता होते. माझं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं आहे. गाणं सतत एवढं ओढत नाही म्हणून गाडी जळत नाही, इतकंच. "मीटर बीप वाजला, म्हणजे अर्थ चांगला" म्हणणाऱ्यांनी ऐका : बीप फक्त जोड आहे एवढंच सांगतो, एवढासा अडथळा पकडूच शकत नाही. गाडी चालू, आवाज मोठा, मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक ॲम्पच्या मायनसला, दुसरं पुढच्या बॅटरीच्या मायनसला. ठोका पडताना अर्धा व्होल्ट दिसला तर जोड उघडा.

जागा निवडताना बॉडीचा जाड, वेल्ड केलेला भाग बघा. सीटबेल्टचा बोल्ट नको, तो जीव वाचवायला आहे. रंग घासून पत्रा चमकवा, नट-बोल्ट आणि स्टार वॉशरने आवळा, मग वरून रंग किंवा ग्रीस. खाडीच्या हवेत ते विसरलात तर एका पावसाळ्यात गंज आत. वायर प्लसएवढीच जाड, हातभर लांब, आणि तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम त्याच जाडीत कमी वीज नेतं.

डिकीत दुसरी बॅटरी असेल तर तिचा आणि ॲम्पचा मायनस शेजारी-शेजारी. प्लसच्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज, कारण आता दोन्हीकडून आग लागू शकते. बॅटरी सीलबंद घ्या, साधीतून हायड्रोजन सुटतो. आणि पुढची बॅटरी ते बॉडी, इंजिन ते बॉडी या कंपनीच्या वायरी बारीक असतात, त्याही जाड करा, नाहीतर मागे केलेलं सगळं पुढे अडकेल. नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर वीज मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. तिथे थेट बॅटरीच्या मायनस टोकाला वायर लावू नका, बॉडीलाच लावा, नाहीतर सेन्सरचा हिशोब चुकतो.

दुसरी चिठ्ठी. वडे गार होताहेत असं लिहिलंय. ठीक आहे. माझी गाडी फाटकापाशीच उभी आहे, मीटर डॅशबोर्डवर आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी या, फक्त कुणीतरी डिकीवर छत्री धरा.