नोरा नावाचा बोका

(दृश्य : योत्सुया स्टेशन. खंदकाच्या काठाने जाणारी केशरी पट्ट्याची लोकल. बांधावर फुललेली चेरीची झाडं.)

मार्चचा शेवट. तोक्योत चेरीला बहर येतो तो याच सुमारास. रस्त्यावरची माणसं मान वर करून चालतात.

१९५७ साली याच दिवसांत, या स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका घरची माणसं मात्र खाली वाकून कुंपणं आणि झुडपं तपासत होती. २७ मार्चच्या दुपारी त्यांचा बोका बागेतून बाहेर पडला होता. फिकट तांबूस पट्टे, बाकी बराचसा पांढरा. नाव नोरा. रात्र झाली तरी तो आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

घर होतं लेखक ह्याक्केन उचिदा यांचं. वय ६७. त्या शोधावर त्यांनी पुस्तक लिहिलं. ३६ वर्षांनी जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांनी उचिदांवरच्या आपल्या चित्रपटात त्या बोक्याला मधोमध आणून बसवलं. चित्रपटाचं नाव 'मादादायो', म्हणजे 'अजून नाही'. साल १९९३. कुरोसावांचा हा शेवटचा चित्रपट.

(दृश्य : रोकुबान्चोच्या गल्ल्या. भिंतीवरून चालणारं मांजर. सायकलवरून जाणारी शाळकरी मुलं.)

चित्रपटातली दृश्यं आम्हाला दाखवता येणार नाहीत, हक्कांचा प्रश्न आहे. म्हणून आम्ही उचिदांच्या गल्ल्यांतून फिरलो. हा भाग रोकुबान्चो. आता इथे कचेऱ्या आहेत, उंच इमारती आहेत. उचिदांच्या काळातल्या लाकडी घरांचं फारसं काही कॅमेऱ्याला सापडत नाही. मांजरं मात्र सापडतात.

आपल्याकडे फिल्म सोसायट्यांनी कुरोसावा दाखवले ते तलवारी, पाऊस आणि चिखलासकट. त्यांच्या शेवटच्या चित्रपटात तलवार नाही. एक निवृत्त जर्मनचा प्राध्यापक आहे, त्याची पत्नी आहे आणि त्याला सोडायला तयार नसलेले माजी विद्यार्थी आहेत. प्राध्यापकाच्या भूमिकेत तात्सुओ मात्सुमुरा, पत्नीच्या भूमिकेत क्योको कागावा. जाता जाता सांगायला हवं, कुरोसावांचे जुने मित्र, गॉडझिलाला पहिल्यांदा पडद्यावर आणणारे इशिरो होंडा, या चित्रपटातही त्यांच्या मदतीला होते.

बोक्याकडे जाण्याआधी या सरांना नीट ओळखून घेऊ. नाहीतर एवढा मोठा माणूस मांजरासाठी का रडतो, हा प्रश्न विचारणाऱ्यांत आपणही जाऊन बसू.

(दृश्य : वासेदा भागातलं सोसेकी स्मारक. मागच्या बागेतला दगडांचा चौथरा, म्हणजेच 'मांजराचा स्तूप'.)

हे कादंबरीकार नात्सुमे सोसेकींचं स्मारक. जपानी साहित्यातलं सगळ्यात प्रसिद्ध मांजर सोसेकींच्या 'मी मांजर आहे' या कादंबरीतून आलं. १९०८ साली त्यांच्या घरचं मांजर गेलं, तेव्हा त्यांनी परिचितांना काळ्या चौकटीची कार्डं पाठवली होती, माणूस गेल्यावर पाठवतात तशी. मागे रचलेले हे दगड त्या घरच्या पाळीव प्राण्यांच्या आठवणीतले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते पुन्हा रचले गेले.

उचिदा या सोसेकींचे शिष्य. ओकायामाच्या साके गाळणाऱ्या घराण्यात १८८९ साली जन्म, तोक्योत जर्मनचं शिक्षण, पुढे होसेई विद्यापीठात आणि सैनिकी शाळांत अध्यापन. गुरूच्या कादंबरीतल्या त्या मांजराची पुढची गोष्ट म्हणून त्यांनी स्वतः एक मिश्कील कादंबरीही लिहिली होती. ती नोरा घरात येण्याच्या आधी. कागदावरचं मांजर त्यांना हसत हसत जमलं.

(दृश्य : पावसात भिजलेलं पत्र्याचं छप्पर. एका खोलीच्या खिडकीतून दिसणारी बाग.)

आता चित्रपटातले सर. युद्धाचा काळ. घरात चोर शिरतील अशी धास्ती. सर काय करतात? घरात पाट्या लावतात. चोरांनी आत यायची वाट, चोरांचा जाण्यायेण्याचा मार्ग, चोरांची विश्रांतीची जागा, चोरांनी बाहेर पडायची वाट. रात्री चोरपावलांनी पाहणी करायला आलेले विद्यार्थी त्या पाट्या वाचून थक्क होतात.

मग बॉम्बहल्ल्यात घर जळतं. पुस्तकं गेली, सामान गेलं. सरांनी बरोबर काय घेतलं, तर 'होजोकी', आठशे वर्षांपूर्वी एका संन्याशाने आपल्या झोपडीत बसून लिहिलेलं छोटंसं पुस्तक. आणि नवरा-बायको खरोखरच तीन चटयांच्या खोपटात राहायला जातात. जपानी चटई साधारण सहा फूट बाय तीन फूट. तीन चटया अंथरल्या की खोली संपली. उचिदांनी प्रत्यक्षातही अशी जवळजवळ तीन वर्षं काढली, १९४५ ते १९४८. कुरोसावांनी तिथे संवाद आवरते घेतले आहेत. पाऊस, हिवाळा, बर्फ, पुन्हा ऊन, आणि दारात बसलेली ही दोन माणसं. सर तिथेही पाटी लावतात. माणसं भेटायला येतात याच्यासारखा आनंद नाही, फक्त ते तुम्ही नसावं, अशा अर्थाची.

घर गेलं तर हा माणूस विनोद करतो. पुढे १९६७ साली जपानच्या कला अकादमीचं सदस्यत्व देऊ केलं, तर खऱ्या उचिदांनी ते नाकारलं. कारण विचारल्यावर उत्तर आलं : नको म्हणून नको.

असा माणूस बोक्यापुढे मात्र मोडतो.

(दृश्य : जपानी स्नानाचा लाकडी हौद, वर झाकण. झाकणावर दुमडून ठेवलेली बसायची गादी.)

नोरा भटक्या मांजरीचं पिल्लू. बागेतून आला आणि घरचाच झाला. स्नानाच्या हौदाचं झाकण उबदार असतं, त्याच्यावरच्या गादीवर तो झोपायचा. तो गेल्यावर उचिदांना स्नान नकोसं झालं. स्नान करायचं तर ते झाकण उचलावं लागणार. ठरलेल्या दुकानातून सुशी मागवली की त्यातला अंड्याचा तुकडा नोराचा असायचा. मग सुशी मागवणंही बंद झालं.

चित्रपटातही सर जेवत नाहीत, झोपत नाहीत. वादळी रात्री त्यांच्या मनात एकच चित्र, कुठल्यातरी ढिगाऱ्यात भिजत बसलेला नोरा. काही समीक्षकांना हा भाग लांबलेला वाटला. आम्हाला तो लांब नाही, खरा वाटला. हरवलेल्या मांजराची वाट पाहताना घड्याळ असंच चालतं.

(दृश्य : सकाळची वेळ, घराघरांत वर्तमानपत्रं टाकणारा सायकलस्वार. खांबावर चिकटवलेलं हरवलेल्या मांजराचं पत्रक.)

आता शोध पाहा. उचिदांनी छापील पत्रकं काढली आणि वर्तमानपत्रांत घालून घरोघर पोचवली. एकदा नव्हे, अनेकदा. रंग, पट्टे, शेपटी, सगळं वर्णन त्यात होतं. पोलिसांना कळवलं. या परिसरात परदेशी वकिलाती आहेत, इंग्लंडची वकिलात तर आजही जवळच आहे, म्हणून एक पत्रक इंग्रजीतही काढलं. मांजराला भाषेची अडचण नसते, पण त्याला दूध घालणाऱ्याला असू शकते. तसंच मांजर दिसलं असा निरोप आला की घरातून कुणीतरी बघायला निघायचं. तो नोरा नसायचा.

चित्रपटात ही धावपळ विद्यार्थी करतात. एव्हाना ते चांगले पोक्त झालेले, कामाधंद्याला लागलेले. एकही जण म्हणत नाही की सर, मांजरच आहे, दुसरं आणू. सूट घातलेली माणसं गंभीर चेहऱ्याने बोक्याचा माग काढतात आणि कुरोसावा त्यांची थट्टा करत नाहीत. गुरूवर प्रेम करण्याचे सोहळे चित्रपटात पुष्कळ आहेत, दरवर्षीची वाढदिवसाची मेजवानी, मोठा बिअरचा पेला, गाणी. आमच्या मते त्या सगळ्यांहून हा शोध मोठा.

(दृश्य : गोतोकुजी मंदिर. पंजा वर केलेल्या शेकडो पांढऱ्या मांजरमूर्ती. नंतर गल्लीतलं एक मांजर, कानाचं टोक जवळून.)

तोक्योत मांजरांवर चित्रण करायला आलेला प्रत्येकजण गोतोकुजीला जातो. आम्हीही गेलो. नोराचा याच्याशी संबंध नाही, दृश्य सुंदर आहे म्हणून ठेवलं.

संबंध आहे तो या दुसऱ्या मांजराशी. त्याच्या कानाचं टोक पाहा, चेरीच्या पाकळीसारखी खाच. म्हणजे याची नसबंदी झाली आहे आणि पुन्हा याला त्याच गल्लीत सोडलं आहे. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानाला अशीच खाच दिसते. नसबंदी न झालेले बोके वसंतात दूरवर भटकतात आणि वाट चुकतात. नोरा मार्चअखेरच गेला होता. जपानमध्ये २०२२पासून दुकानांतून आणि पैदास करणाऱ्यांकडून विकल्या जाणाऱ्या मांजरांना मायक्रोचिप सक्तीची आहे. आपल्या घरातल्या मांजराच्या गळ्यात निदान फोन नंबर लिहिलेला पट्टा असावा, एवढं आज या व्हिडिओच्या निमित्ताने करून टाका.

(दृश्य : बागेच्या कोपऱ्यातून येणारं आखूड शेपटीचं मांजर.)

नोरा परतला नाही. त्याच्यासारखाच दिसणारा, आखूड शेपटीचा दुसरा बोका घरात आला. जर्मनच्या प्राध्यापकाने त्याचं नाव कुर्त्स ठेवलं, म्हणजे आखूड. तो १९६२ साली गेला. उचिदा १९७१ साली गेले, कुरोसावा १९९८ साली.

चित्रपट दोन तास चौदा मिनिटांचा आहे. बोक्याचा भाग आला की पुढे सरकवू नका.