दोन कुशींच्या मधले दोन तास

श्रोतेहो, नमस्कार.

२०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी २९ ऑक्टोबर हा काळजी आणि आधार यांचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला. त्या निमित्तानं आज मी बोलणार आहे ते घरात आजारी, वृद्ध किंवा अपंग माणसाला सांभाळणाऱ्यांबद्दल. ज्यांना या कामाचा पगार नाही, रजा नाही, पाळी बदलायला दुसरं कुणी येत नाही, त्यांच्याबद्दल. आजाऱ्याबद्दल नव्हे, सांभाळणाऱ्याबद्दल. हे मुद्दाम पुन्हा सांगतो, कारण असा विषय निघाला की आपलं लक्ष आपोआप खाटेकडे जातं. खाटेशेजारी उभं असलेलं माणूस दिसतच नाही.

अशा घरी आपण भेटायला जातो. निघताना, दारात चपला घालता घालता म्हणतो, "काही लागलं तर सांगा हं." अगदी मनापासून म्हणतो. मीही कितीतरी घरी म्हटलंय. मला आजवर कुणीही, काहीही सांगितलेलं नाही.

एक अनुभव सांगतो. आमच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ती थोरल्या भावाकडे होती. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. भाऊ नोकरीत, मी दुसऱ्या गावी. म्हणजे सगळं वहिनींवर. रुग्णालयातून घरी सोडताना बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. बदला म्हणाले, पण कशी बदलायची ते कुणी दाखवलं नाही. ते वहिनी स्वतःची कंबर दुखवून घेत शिकल्या.

मी महिन्यातून एकदा जायचो. एकदा लक्षात आलं, वहिनी बोलताना डावा गाल तळव्यानं दाबून धरतायत. विचारलं, तर म्हणाल्या, "दाढ आहे. दुखते अधूनमधून." कधीपासून? "झाले असतील सात महिने." दातांचा दवाखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी म्हटलं, मग गेला का नाहीत? तर म्हणाल्या, "भावजी, दहाला उजवी कूस, बाराला डावी. मध्ये अंग पुसणं, डायपर, औषधं. यात दाढ कुठे बसवू?"

आणि मी काय केलं? निघताना म्हणालो, काही लागलं तर सांगा.

त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त काका राहायचे. ते असं काही म्हणाले नाहीत. एका सोमवारी वर आले आणि वहिनींना म्हणाले, "उद्या चार ते सहा मी सासूबाईंजवळ बसतो. दर मंगळवारी बसेन. तू दाढ दाखवून ये." वार ठरलेला, वेळ ठरलेली, काम ठरलेलं. श्रोतेहो, हे तीन शब्द लक्षात ठेवा. वार, वेळ आणि काम.

रात्री वहिनींनी वहीचं पान फाडलं, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि कपाटाच्या दारावर चिकटवलं. 'चारला मी कूस बदलून जाईन. सहाला येऊन बदलेन. मध्ये हलवू नका. पाणी चमच्यानंच, उशीला टेकवून. ठसका लागला की लगेच थांबा. डाव्या हाताची मूठ दोनदा मिटली म्हणजे भांडं हवंय, समोरच्या ताईंना हाक मारा.' इथं माझं एक मत सांगूनच टाकतो. अशा सूचना कागदावरच हव्यात, डोळ्यांसमोर. फोनवर पाठवलेली सूचना ऐन वेळी इतर निरोपांखाली गाडली गेलेली असते. सगळी महत्त्वाची कामं फोनच्या हवाली करायची ही सवय काही बरी नाही. असो.

मंगळवारी चारला वहिनी निघाल्या आणि चाळीस मिनिटांत परत आल्या. काकांना वाटलं, दवाखाना बंद असेल. वहिनींनी मला पुढे कधीतरी सांगितलं, त्या इमारतीच्या बाहेर पडल्याच नव्हत्या. खालच्या मजल्यावर, जिन्याच्या पायरीवर बसून होत्या. पर्स मांडीवर घेऊन, वरून काही आवाज येतोय का ते ऐकत. पुढच्या मंगळवारी रस्त्याच्या वळणापर्यंत गेल्या. तिसऱ्या मंगळवारी दवाखान्यात. दाढ वाचली नाही, काढावी लागली. लवकर आला असता तर राहिली असती, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं.

आणि वर काका काय करायचे? वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे. पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत. आईला शब्द सापडत नव्हते, पण हवामानाचा अंदाज आला की ती हुंकार द्यायची. पाऊस म्हटलं की जरा मोठा हुंकार. एकमेकांना वाचून दाखवणं आपल्या घरांतून का गेलं, कळत नाही. शाळा सुटली की ते सुटतं. मुलांना, म्हाताऱ्यांना, धडधाकट नवऱ्यालासुद्धा वाचून दाखवावं, असं मला फार वाटतं. तर, मूळ मुद्दा.

काकांनी कूस बदलली नाही, डायपर बदललं नाही. दोन कुशींच्या मधले दोन तास ते फक्त तिथे होते. तेवढ्यावर वहिनींचा पाय घराबाहेर पडला. आणि मी, आईचा सख्खा मुलगा, ठसका लागला तर काय करायचं ते त्या कपाटावरच्या कागदावरून शिकलो.

हे आमच्याच घरचं नाही. १९९९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आजारी जोडीदाराला सांभाळणाऱ्या, ६६ वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्या नवराबायकांचा चार वर्षं मागोवा घेतला होता. ज्यांना या कामाचा ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात तशी वाढ दिसली नाही. म्हणजे ताण हलका करता आला, तर ते नुसतं सौजन्य नाही, तो जिवाचा प्रश्न आहे. आणि हे ओझं कुणाच्या डोक्यावर? घरकाम आणि माणसांची काळजी मिळून जगात रोज १६४० कोटी तास बिनपगारी काम होतं, त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त बायका करतात, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१८ चा अंदाज आहे. म्हणून सांभाळणाऱ्या बाईला 'त्यागमूर्ती' म्हणून हार घातलेला मला आवडत नाही. एकदा मूर्ती केलं की तिला दाढ दुखते हे सांगायची चोरी.

वस्तीपातळीवर काय करता येतं? इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यानं सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या गरजा वेगळ्या तपासण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली. केरळात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांना शिकवून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी पाठवायची पद्धत रुजली आणि २००८ साली राज्य सरकारनं ही सेवा धोरणात आणली. एवढं मोठं जमेपर्यंत थांबायचं कारण नाही. दवाखान्यात आजाऱ्याच्या कागदावर सांभाळणाऱ्याचं नाव लिहा आणि त्या माणसाचा रक्तदाबही तपासा. घरी सोडण्याआधी कूस कशी बदलायची, माणसाला खाटेवरून खुर्चीत कसं घ्यायचं, हे करून दाखवा आणि करवून घ्या. वस्तीत कुणीतरी एक वही ठेवा. अशी घरं कोणती, बसायला कोण तयार आहे, कुठल्या वारी, किती वाजता.

आणि ज्यांना बसायला जायचंय त्यांनी आधी एक-दोनदा घरची माणसं असतानाच जावं. आजाऱ्याला तुमचा आवाज ओळखीचा व्हायला हवा. औषधोपचाराचे सल्ले देऊ नका. परत येणाऱ्याला "इतका वेळ?" असं विचारू नका. पहिल्या दिवशी ती जिन्यातच बसून राहिली, तर राहू द्या. पुढच्या मंगळवारी चारला पुन्हा जा.

नमस्कार.