भिजवलेली भाकरी

[दृश्य: ताट. एक हात कडक भाकरी मोडतो. फक्त मोडण्याचा आवाज.]

हा आवाज सोलापूरकर झोपेतही ओळखेल. ज्वारीची कडक भाकरी. पापडासारखी पातळ, कित्येक दिवस टिकणारी, आणि शेजारी कुटलेल्या शेंगाची चटणी. दात शाबूत आहेत का हे बघायला आमच्याकडं डॉक्टर लागत नाही. भाकरी कडाकडा खातो त्याचे शाबूत. आमटीत भिजवून खातो तो एक तर दीड वर्षाचा, नाही तर सत्तरीच्या पुढचा.

या मावशी ४६ वर्षांच्या आहेत. भाकरी भिजवून खातात.

[दृश्य: मांडीवर सूप, तेंदूची पानं, कात्री. बोटं विडी वळतात, दोरा गुंडाळतात.]

कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत घर. दिवसाचं माप हजार विड्यांचं. उजवीकडची खालची दाढ गेल्या दिवाळीत पहिल्यांदा बोलली, गार पाण्याच्या घोटाला. थोड्या दिवसांनी चहानंही कळ यायला लागली. पुढं तर काही न खाता-पिता, रात्री दोन वाजता, ठणका सुरू. लवंग धरून झाली. मेडिकलमधल्या गोळ्या झाल्या. मिसरी जरा जास्तच लागायला लागली, कारण ती दाबली की तेवढ्यापुरतं बधिर वाटतं. शेजारणीनं रिंगणीच्या बियांची धुरी सुचवली, म्हणजे दातातले किडे गळून पडतात म्हणे. दातात किडे नसतातच. धुरीनंतर भांड्यात जे दाखवतात ते बियांचेच तुकडे. 'कीड' या शब्दानं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या फसवलंय.

आणि मग एक दिवस दाढ दुखायची थांबली.

"बरी झाली की ओ, आपसूक," मावशी सांगतात.

[दृश्य: दाताचं साधं रेखाचित्र. बाहेरून आत.]

दाताचं कवच शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. पण एकदा खड्डा पडला की ते परत भरून येत नाही, त्यात जिवंत पेशीच नसतात. तोंडातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात, आम्ल कवच पोखरतं. खड्डा कवचाखालच्या थरापर्यंत गेला की गार लागतं. नसेपर्यंत गेला की ठणका. आणि ठणका थांबतो तो बहुतेक वेळा नस मेल्यामुळं. दुखणं सांगणाराच गेला, संसर्ग मात्र मुळातून जबड्याच्या हाडाकडं निघालेला असतो.

दोन आठवड्यांपूर्वी मावशींचं गालफड सुजलं. तेव्हा कुठं त्या अशोक चौकाजवळच्या एका दवाखान्यात गेल्या.

[दृश्य: दवाखान्याची खुर्ची. दिव्याचा उजेड. एक्सरे पडद्यावर.]

"काढून टाका डॉक्टर. कटकट नको."

डॉक्टर लगेच चिमटा उचलत नाहीत. आधी डावीकडं बघतात. तिथली खालची दाढ मावशींनी चार वर्षांपूर्वीच काढलीय. त्या फटीकडं मागची दाढ कलंडलीय, आणि वरच्या दाढेला खालून टेकू न राहिल्यानं ती खाली उतरलीय. "ही पण काढली तर चावणार कुठं?" सहायक मुलगी हेच अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत समजावते. मावशी गप्प.

आता पैसे. पुढचे आकडे खासगी दवाखान्यांतले ढोबळ आहेत, दवाखान्यागणिक कमी-जास्त होणारे. दाढ काढायला पाचशे-हजार. खड्डा लहान असताना सिमेंट भरायला ८०० ते १,५००. रूट कॅनाल, म्हणजे मेलेली नस काढून, नळ्या साफ करून आत मसाला भरणं, ३,००० ते ५,०००. वर कॅप, म्हणजे दाढेवर बसवायची टोपी. धातूची दोन-अडीच हजारांत, दातासारखी दिसणारी सिरॅमिकची तीन-चार हजारांत, झिर्कोनियाची, म्हणजे दातासारखीच दिसणारी पण जास्त कणखर, त्याच्या दुप्पट, कधी तिप्पट.

कॅपपाशी जरा थांबतो, कारण घोळ इथंच होतो. रूट कॅनाल झालं, दुखायचं राहिलं, की कितीतरी लोक कॅपला परत येतच नाहीत. दोन हजार वाचले म्हणतात. पण नस काढलेली, आतून पोखरलेली दाढ पोकळ नारळासारखी असते. पुढं कधीतरी शेंगदाण्यावर किंवा भाकरीच्या काठावर ती उभी चिरू शकते. उभी चिरलेली दाढ बहुधा काढावीच लागते. मग आधीचे चार हजारही गेले. आणि मागच्या दाढेला झिर्कोनिया कशाला? तिथं बघतंय कोण? धातूची कॅप चांगली मजबूत असते, दाढही कमी घासावी लागते. आडवळणानं नको, डॉक्टरांना सरळ विचारावं, "मागं धातूची चालेल का?"

काढायचं नाव घेतलं की "वरची दाढ काढली तर नजर जाते" हे ऐकवणारं कुणीतरी घरात असतंच. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. मूळच फुटलं असेल, हाड झिजून दाढ हलत असेल, किंवा वाकडी अक्कलदाढ सारखी सुजत असेल, तर काढणंच बरं. पण समोरासमोर चावायला लागणारी दाढ काढली की तिची जागा भरायचा खर्च वेगळा. काढ-घाल करायचा प्लास्टिकचा दात हजाराच्या आसपास. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं धरलेला दात, बसवायचा तर दोन्ही बाजूंचे चांगले दात घासायचे आणि तीन कॅपचे पैसे मोजायचे. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला धरायला साधारण तीन ते सहा महिने घेतं. खर्च २०,००० च्या पुढं.

[दृश्य: मावशी बोटांवर हिशेब करताना.]

मावशींचा हिशेब मात्र दरपत्रकावर नाही. रूट कॅनालच्या तीन सिटिंग, कॅपचं माप द्यायला चौथी खेप, बसवायला पाचवी. प्रत्येक खेपेला कुंभारीहून येणं-जाणं आणि अर्धा दिवस. अर्धा दिवस म्हणजे पाचशे विड्या. पाच खेपा म्हणजे अडीच हजार विड्या वळायच्या राहिल्या. हे कुठल्याच बिलावर छापलेलं नसतं. "दिवाळीतच का आला नाहीत?" असं विचारणाऱ्यानं एकदा हजार विड्या वळून दाखवाव्यात.

आरोग्य विम्यात साध्या दातांचा खर्च सहसा बसत नाही, अपघात सोडला तर. उरतात दोन दारं. सिव्हिल हॉस्पिटलचा दंत विभाग, नाममात्र पैशात. आणि पुणे रस्त्यावर केगावचं दंतमहाविद्यालय. तिथं शिकणारी मुलं प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळं दर बरेच कमी. मात्र प्रत्येक टप्पा सरांना दाखवून पुढं जायचा असतो, म्हणून खेपा वाढतात. पगारी माणसाला परवडतं. खेपेला पाचशे विड्या मोजणाऱ्याला स्वस्तही महाग पडू शकतं.

आणि एक गोष्ट घाईची. खालच्या दाढेची सूज जिभेखाली, गळ्याकडं उतरली, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तर दरपत्रक बघत बसायचं नाही. थेट सिव्हिल, रात्र असली तरी.

[दृश्य: दवाखान्याचं टेबल. वहीवर पेन.]

मावशींनी डॉक्टरांकडून रूट कॅनालचा एकूण आकडा कागदावर लिहून घेतला, एक्सरे आणि कॅप धरून. ६,२००. तीन हप्ते. सिटिंग शक्यतो आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी. आणि सहायक मुलीनं न विचारताच सांगितलं, डावीकडच्या फटीचं पुढच्या वर्षी बघू, आधी मिसरी कमी करा. त्यावर मावशी हसल्या. हो म्हणाल्या नाहीत.

[दृश्य: अशोक चौक, संध्याकाळ. रिक्षा.]

पहिली सिटिंग झाली. भुलीनं अर्धा ओठ अजून झोपलेला. मावशी पदरानं तोंडाचा कोपरा पुसतात, रिक्षावाल्याला 'कुंभारी' म्हणायला जातात, आणि शब्द असा वाकडा पडतो की तो विचारतो, "कुठं म्हणालात, मावशी?"

त्या हातानं दाखवतात. तिकडं, तिकडं.